लातूर ते लातूर, नळदुर्ग-तेर मार्गे: येळवशीच्या सायकल फेरीचा अनुभव

लातूरच्या एका सायकल ग्रुपची येळवशीच्या, म्हणजे दर्श वेळ अमावस्येच्या, वेळची तीन दिवसांची फेरी नुकतीच पुरी केली. पहिल्या दिवशी लातूर, औसा, लामजना, किल्लारी, उमरगा करून नळदुर्गला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तुळजापूर, धाराशिव आणि तेरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी ढोकी, मुरूड करत परत लातूर. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माणशी साडेतीन हजार रुपये. त्यात दोन मुक्काम, जेवण, नाष्टा, सोबत एक छोटा टेम्पो आणि एक मेकॅनिक पोरगा. सायकल आपली आपण आणायची. माझं मत आधीच सांगून टाकतो: जरूर जा. दोन-तीन गोष्टी मात्र त्यांनी सुधारायलाच पाहिजेत, त्याही लिहितो.

मी एसटीत चालक होतो. लातूर-उमरगा, लातूर-सोलापूर, तुळजापूरच्या यात्रेच्या जादा गाड्या, मुक्कामी फेऱ्या, यातच नोकरी झाली. निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी म्हणून सायकल घेतली आणि ती अंगवळणी पडली. तेव्हा पैसे भरलेला प्रवासी म्हणून तर मी हे लिहितोच आहे, पण माणसं सुखरूप पोचवायचं काम ज्यानं आयुष्यभर केलं त्याची नजरही यात आहे. फेरीत वीस-बावीस जण होतो. वडिलांबरोबर आलेली अकरावीची मुलगी सगळ्यात लहान, मी सगळ्यात मोठा. मधे जिल्हा परिषद शाळेचे दोन गुरुजी, एक डॉक्टरबाई, एक मेडिकलवाले, एमआयडीसीत कामाला असलेली तीन पोरं आणि औशाकडचा एक शेतकरी. त्याच्याकडे बिनगिअरची काळी सायकल होती, मागं कॅरिअर, त्यावर दोरीनं बांधलेलं घोंगडं.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावून नियम सांगितले. हेल्मेट नसेल तर यायचं नाही. पुढचा-मागचा दिवा चालू पाहिजे. एकामागं एक, डाव्या कडेनं. कानात काही घालायचं नाही. खड्डा, वाळू, कुत्रं, समोरून गाडी, जे दिसेल ते पुढच्यानं ओरडून सांगायचं आणि प्रत्येकानं ते आपल्या मागच्यापर्यंत पोचवायचं. नियम सांगणारे पुष्कळ असतात, मी बघत होतो पाळतात का. सकाळी साडेपाचला निघताना एक जण बिनहेल्मेटचा आला. आमचा म्होरक्या तिशीतला आहे, बोलायला मऊ. तो एवढंच म्हणाला, "घरून घेऊन या, आम्ही थांबतो." आणि खरंच वीस जण थंडीत थांबले. त्या वीस मिनिटांत माझा या लोकांवर विश्वास बसला.

गळिताचा हंगाम, धुकं, आणि औशाच्या रस्त्याला उसाची ट्रॅक्टरं. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. एसटीच्या उंचीवरून मला हा धोका वर्षानुवर्षं दिसलेला आहे, सायकलवर तो डोक्याच्या उंचीला येतो. ग्रुपची पद्धत अशी की ट्रॉलीच्या मागं अंतर ठेवून राहायचं, चढावर आणि वळणावर ओलांडायचं नाही, आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात केल्यावरच सगळ्यांनी एका दमात पुढं जायचं. पोरांना हे संथ वाटत होतं. मला यात काडीचीही खोट काढता आली नाही.

लामजना पाटीवर नाष्ट्याला मुरमुऱ्यांची सुशीला मिळाली. हॉटेलवाल्याला रात्रीच सांगून ठेवलेलं होतं, म्हणून भिजवलेले मुरमुरे गच्च झालेले नव्हते, मोकळे होते, शेंगदाण्याचं कूट सढळ, वर लिंबू. सोबत भजी. सायकल चालवणाऱ्याला असाच नाष्टा लागतो, पोटाला जड नाही आणि तासाभरात भूक लागत नाही.

किल्लारीला अर्धा तास थांबलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तो भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती, आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. आमच्या वयाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अकरावीच्या मुलीला मात्र हा इतिहासाच्या पुस्तकातला विषय. नवं गाव वेगळ्या जागी वसलं, एसटी तिथंच थांबते, त्यामुळं मी या रस्त्यानं इतकी वर्षं गाडी नेऊनही जुन्या गावठाणाकडं पायी फिरलो नव्हतो. म्होरक्यानं भाषण केलं नाही, फोटोही काढू दिले नाहीत. मेडिकलवाल्यांचं आजोळ याच भागातलं. ते स्वतःहून बोलायला लागले आणि बाकीचे ऐकत राहिले. कार्यक्रमपत्रिकेत हा थांबा फक्त "किल्लारी, अर्धा तास" असा लिहिलेला होता. तो तसाच ठेवावा, त्यात काही भर घालू नये.

नारंगवाडी पाटीच्या अलीकडं एक प्रकार झाला. एमआयडीसीतल्या एका पोरानं गुपचूप इअरफोन घातले होते. पुढून "खड्डा" आला तो त्याच्यापाशी थांबला. त्याचं स्वतःचं काहीच बिघडलं नाही, तो खड्डा चुकवून गेला. मागचे गुरुजी थेट आत. गुडघा खरचटला, रिम वाकडी झाली. मेकॅनिक पोरानं सायकल उलटी केली आणि चाक फिरवत, स्पोक चावीनं एकेक तार पाव-पाव आटा घट्ट-सैल करत रिम सरळ केली. तोवर डॉक्टरबाईंनी गुडघा बांधला. म्होरक्या त्या पोरावर चिडला नाही. त्याला गुरुजींच्या बरोबर मागं लावलं आणि सांगितलं, "आता मुक्कामापर्यंत यांचा प्रत्येक शब्द तू मागं द्यायचा." संध्याकाळपर्यंत त्या पोराचा आवाज सगळ्यांत मोठा होता. एसटीत वाहकाची डबल बेल ऐकल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. एका माणसानं ऐकलेलं दुसऱ्याच्या कामाचं असतं, हे त्या पोराला मार न खाता कळलं.

उमरग्यापासून नळदुर्गपर्यंतचा हैदराबाद-सोलापूर महामार्ग हा या फेरीचा सगळ्यात कमजोर भाग. रस्ता चांगला आहे, पण दुपारी दोननंतर ट्रकांची रांग, सावली नाही, आणि पाय आधीच साठ-सत्तर किलोमीटर चाललेले. पहिल्याच दिवशी शंभराच्या वर किलोमीटर आणि शेवटच्या दिवशी साठाच्या आत, हे गणित मला पटलं नाही. उमरग्याला मुक्काम करून महामार्ग दुसऱ्या दिवशी पहाटे, रिकामा असताना उरकता येईल. त्यासाठी चौथा दिवस लागला तरी लोक देतील. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय या टप्प्यावर फक्त पेट्रोल पंपांवर होती. एका पंपावर ते कुलूपबंद, आणि चावी ज्याच्याकडं तो जेवायला गेलेला. डॉक्टरबाई आणि ती मुलगी ताटकळत राहिल्या. पंप आदल्या दिवशी पाहून ठेवता येतात. सुशीलेचं जमतं तर हेही जमायला पाहिजे.

चहाला थांबलो तिथं सायकली गवतात आडव्या टाकल्या आणि उठवल्या तर तीन पंक्चर. सराटे! आपल्याकडं रस्त्याच्या कडेला येडी बाभळ आणि सराटा यांच्यापासून सुटका नाही, म्हणून सायकल कायम डांबरावर किंवा मुरमावर उभी करावी. इथं मेकॅनिक पोराकडून शिकण्यासारखं होतं. एकानं घाईघाईनं नवी ट्यूब घालायला घेतली, तर पोरगा म्हणाला, "थांबा की सर, काटा आतच हाय." मग त्यानं टायरच्या आतून अंगठा फिरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, एक वेढा. काही नाही. दुसरा वेढा उलट्या दिशेनं. एका जागी थांबला, टायर मुडपून उजेडाकडं धरला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. सराट्याचं डोकं तुटून गेलेलं, आत फक्त टोक, तांदळाच्या कणीएवढं. नखानं निघेना, तेव्हा सुईनं उकरून काढलं आणि तळहातावर ठेवून ज्याची सायकल त्याला दाखवलं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूब किलोमीटरभरात बसली असती. बारावी नापास म्हणून ज्याची ओळख करून दिली गेली, त्या पोराला या फेरीतला सगळ्यात चांगला मास्तर मी म्हणेन. आणि अशी ओळख ग्रुपनं पुढच्या वेळी करून देऊ नये.

अणदूरला पाणी प्यायला थांबलो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला मोठा काळ ती अणदूरला असते, उरलेला नळदुर्गला, आणि दोन्ही गावं ठरल्याप्रमाणं ती एकमेकांच्या हवाली करतात.

नळदुर्गचा मुक्काम मात्र वाईट. सगळ्यांना मिळून दोन न्हाणीघरं, गरम पाणी नाही, गाद्या ओलसर. म्होरक्यानं रात्रीच माफी मागितली आणि हॉटेलातून बादल्यांनी गरम पाणी आणवलं, पण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पाय मारलेल्या माणसाला रात्री झोप लागली पाहिजे, यावर तडजोड नको. सकाळी किल्ला पाहिला. बोरी नदीच्या बांधाच्या पोटात १६१३ सालचा पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला पाणी पडताना दिसलं नाही, पण गर्दी नव्हती आणि दगडाचा गारवा निवांत मिळाला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. नळदुर्गहून तुळजापूरकडं रस्ता चढत जातो. एसटीत गिअर बदलला की चढ विसरायला होतो, सायकलवर तो मांड्यांना कळतो. चढावर ज्यानं त्यानं आपल्या दमानं चढायचं आणि वर थांबायचं, हे सगळेच ग्रुप करतात. पण एरवी होतं काय? पुढचे पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, पंधरा मिनिटं पाय पसरून बसतात. तेवढ्यात मागचा धापा टाकत येतो. तो दिसला की, "चला, आले सगळे," म्हणून पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या चढाला तो आणखी मागं पडतो. मग लोक म्हणतात, याच्यात दमच नाही.

या ग्रुपचा नियम असा, की विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. त्याच्या मागं ग्रुपचा एक अनुभवी गडी असतो, त्याला हे लोक गार्ड म्हणतात. तो कधीही कुणाच्या पुढं जात नाही. तुळजापूरच्या चढाला शेवटी होता तो काळ्या सायकलवाला शेतकरी. गिअर नाहीत, अर्धा चढ तो हातात सायकल धरून चालत आला. गार्डही त्याच्याबरोबर उतरून चालला, गप्पा मारत. दोघं वर आले तेव्हा पुढच्यांना बसून वीस मिनिटं झाली होती. म्होरक्यानं मनगटावर पाहिलं आणि म्हणाला, "आता दहा मिनिटं." पोरं चुळबुळली. एक म्हणाला, "दादा, आम्ही होतो की पुढं हळूहळू." म्होरक्या म्हणाला, "पुढं जाऊन काय करणार? जेवण टेम्पोत आहे आणि टेम्पो मागं आहे." शेतकऱ्यानं चपला काढल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्याला, घोंगड्याला टेकून डोळे मिटले. दहा मिनिटं पुरी झाल्यावर तो सगळ्यांत आधी उठला.

पट्टी बांधलेले गुरुजी माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "आमच्या वर्गात उलटं चालतं बघा. ज्यांचं गणित आधी झालं ती पोरं मधल्या सुट्टीत खेळतात, ज्याचं राहिलं तो सुट्टीत बसून पुरं करतो. वर्षभर त्याला सुट्टीच नसते." त्यांनी हे सहज सांगितलं, पण मी त्यावर पार धाराशिवपर्यंत विचार करत होतो. गाडी चहाला थांबली की सगळ्यांत शेवटी उतरते ती पाय दुखणारी म्हातारी. तिच्या हातात कप येईतो बाकीच्यांचा चहा संपलेला असतो आणि ते खिडकीतून बघायला लागतात. मी हॉर्न द्यायच्या आधी त्या कपाकडं पाहायचो. ते मी स्वभावानं करायचो. इथं एका ग्रुपनं त्याचा नियम केलाय, आणि नियम असल्यामुळं म्हातारीला ओशाळायचं कारण राहत नाही, हे मला नवीन होतं. कुणाच्या दयेवर थांबलेलं नाही, घड्याळच तसं आहे. आता सुनेला स्वयंपाकघरातून सगळ्यांत शेवटी ताटावर यायला लागतं तेव्हा आमच्या घरी कुणी हात धुवायला उठत नाही. ती बसल्यावर जेवण सुरू होतं.

तुळजापुरात कळसाचं दर्शन घेऊन पुढं निघालो, मंदिरात जायला वेळ ठेवलेला नव्हता. ज्यांना ओटी भरायची असेल त्यांनी वेगळे जावे. तेरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन झालं, त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिर पाहिलं. लामतुरे संग्रहालय बंद व्हायच्या वेळेला पोचलो, हे बरोबर नाही. तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं गाव. तिथल्या वस्तू बघायला तासभर तरी हवा. मुक्काम एका शाळेच्या हॉलमध्ये, साधा पण स्वच्छ आणि कोरडा. रात्री ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. नळदुर्गचं उट्टं इथं निघालं.

पाण्याचंही सांगायला पाहिजे. तिन्ही दिवस एकही प्लॅस्टिकची बाटली विकत घेतली नाही. टेम्पोत जार, ज्यानं त्यानं आपली बाटली भरायची, उरलेलं ओतून द्यायचं नाही. २०१६ साली ज्या शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या शहरातल्या ग्रुपला हे शोभतं.

तिसरा दिवस येळवस. दर्श वेळ अमावस्या लातूर-धाराशिवबाहेरच्यांना फारशी माहीत नाही, म्हणून सांगतो: या दिवशी गाव रिकामं होतं आणि रान भरतं. कडब्याची कोप म्हणजे झोपडी करायची, आत पांडव मांडायचे, चुन्या-कावेनं रंगवलेले पाच दगड, पूजा करायची आणि जो येईल त्याला जेवू घालायचं. सकाळी ढोकीच्या पुढं समोरून उगवतीचा वारा लागला. इथं काळ्या सायकलवाला कामाला आला. वाऱ्यात पुढच्याला सगळा जोर लावावा लागतो, त्याच्या आडोशानं मागच्याला बराच कमी. म्हणून पाच-पाच मिनिटांनी पुढचा बाजूला सरून शेवटी जातो. अट एकच: पुढं आल्यावर वेग वाढवायचा नाही. पोरं पुढं आली की हुरूप येऊन दामटायची आणि मागं रांग तुटायची. शेतकरी पुढं आला आणि वेग जसाच्या तसा राहिला, एका लयीत, पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली तरी. औतामागं चालायची सवय असेल. डॉक्टरबाई ओरडल्या, "दादा, तुम्हीच राहा पुढं!" तो मागं न बघता म्हणाला, "राहताव की."

मुरूडच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक आजी उभी, डोक्यावर पदर, हात आडवा केलेला. एसटीचं "हात दाखवा, गाडी थांबवा" तिनं सायकलींना लावलं. "येळवस हाय, अन् तसंच चाललाव व्हय? उतरा, लेकरांनो." वेळापत्रकात हा थांबा नव्हता. म्होरक्यानं घड्याळ पाहिलंच नाही. रानात कोपीसमोर पंगत बसली. भज्जीत हरभरा, वाटाणा, तुरीचे ओले दाणे, पातीचा कांदा, मेथी, बेसन लावून घट्ट शिजवलेलं. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि बिंदग्यातली आंबील, ताकात ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचा वास, इतकी गार की दोन वाट्यांवर थांबवत नव्हतं. आजीनं वीस-बावीस जणांना वाढलं आणि नाव एकाचंही विचारलं नाही. अकरावीची मुलगी वाढायला उठली तर तिला हाताला धरून खाली बसवलं. उठताना म्होरक्यानं पैसे काढले नाहीत, तेही मला आवडलं. त्यानं आणि गार्डनं आजीच्या मुलाबरोबर विहिरीवरून दोन घागरी पाणी आणून ठेवलं.

तर हिशोब. नियम, शिस्त, मेकॅनिक, तेरचं जेवण, मागच्याची काळजी: पैकीच्या पैकी. नळदुर्गचा मुक्काम: नापास. पहिल्या दिवसाचं अंतर आणि महामार्गाची वेळ: बदला. बायकांच्या सोयी: आधी बघून ठेवा. टेम्पो महामार्गावर दोनदा फार पुढं निघून गेला होता, तो कायम गार्डच्या मागंच पाहिजे.

जायचं असेल तर आधी महिनाभर आठवड्यातून दोनदा तीस-चाळीस किलोमीटर चालवत राहा. गिअरची सायकलच हवी असं नाही, ते तुम्ही वर वाचलंच. आपल्या चाकाच्या मापाच्या दोन जादा ट्यूब न्या, टेम्पोत सगळी मापं नसतात. पहाटेसाठी कानटोपी, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ. गूळ-शेंगदाणे लागतील त्याच्या दुप्पट घ्या, चढावर मागून येणाऱ्याला द्यायला कमी पडतात.